संत आनाची नजर

माझी बायको ओर्सोला देवाघरी गेली तेव्हा चित्रकार तिबुर्झियो आमच्या चर्चमधलं वेदीवरचं मोठं चित्र रंगवत होता. मरियमेच्या आईसाठी, संत आनासाठी, त्याला चेहरा सापडत नव्हता. त्यानं ओर्सोलाचा घेतला. मला न विचारता, पण हुबेहूब. भुवया चढलेल्या, नजर थेट दारावर. आत येणाऱ्याकडे ती 'आत्ता सुचलं का यायला' अशी बघायची. मी रोज जाऊ लागलो.

मग बिशपांचे तपासनीस आले, फादर फुल्वियो. नवा नियम होता. संतांना ओळखीच्या माणसांचे चेहरे द्यायचे नाहीत. लोकांनी प्रार्थना करावी, शेजारीपाजारी शोधत बसू नये. चेहरा कुणाचा हे कुणीही सांगायचं नाही, असं गावानं आधीच ठरवलं होतं.

"ही कोण?" त्यांनी माझ्या शेजारणीला, जेन्तिलेला विचारलं.

"संत आना, फादर."

"ते कळलं. गावात कुणी अशी दिसते का?"

"छे. आमच्यातली कुठली बाई इतका वेळ गप्प बसेल?"

लोहार म्हणाला, हा चेहरा जन्मात पाहिला नाही. ओर्सोलानं त्याला दोनदा अंगणातून हाकललं होतं.

मग मला बोलावलं. मी मळ्यातून आलो होतो, बुटांना चिखल. आत पाऊल टाकलं, वर पाहिलं आणि मागे फिरून उंबऱ्यावर बूट घासले. परत वर पाहिलं. परत घासले.

फादर माझ्या बुटांकडे बघत राहिले. "लग्नाला किती वर्षं झाली होती?"

"एकतीस."

जेन्तिलेनं कपाळावर हात मारला.

"चेहरा बदलावा लागेल," फादर म्हणाले.

"फादर, तिचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

ते चित्रापुढे गेले, जरा बाजूला सरकले, तरी ती त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी स्वतःचे बूट पाहिले.

"संत इतकी रागीट नसते," शेवटी ते तिबुर्झियोला म्हणाले. "बाकी राहू दे. नजर तेवढी नम्र करा. खाली वळवा. मग कोण ओळखतंय."

तिबुर्झियोनं पापण्या खाली आणल्या. आठवडाभर माझं पाऊल तिकडे वळलं नाही. ती आता दाराकडे बघणार नव्हती, मग जायचं कशाला?

रविवारी जेन्तिलेनं ओढत नेलं. मी वेदीपुढे गुडघे टेकले आणि भीतभीत वर पाहिलं. ती खाली बघत होती. अगदी माझ्या बुटांकडे.

मी उठलो आणि बाहेर जाऊन ते घासून आलो.