मौनासाठी थांबवलेला पंप

ज्याच्या गतीवर कुणाचे जगणे अवलंबून असते, त्याच्या गतीची कळ बहुधा तिसऱ्याच्याच हाती असते. म्हणून त्या तिसऱ्याचा आदरभावसुद्धा सावध असावा लागतो.

मित्रांनो, मी एक जुना, तिळाएवढा पंप आहे. जपानमधल्या शिझुओकाच्या एका प्रयोगशाळेत, तळहातावर मावणाऱ्या पारदर्शक पट्टीच्या पोटातच मला घडवले. मला बाहेरची नळी नाही. उबदार पेटीत, पट्टीखालच्या चौकीतले चुंबक फिरले की माझे चाक फिरते आणि पोषक द्रव पेशींपर्यंत पोहोचतो. पेशींची देखभाल करणाऱ्या तरुण संशोधिका उसामीबाई माझे कौतुक करीत. मला त्याचे सुख झाले नाही. मी फिरत राहिलो.

त्या शरदात माझ्या पट्टीत साकुमा नावाच्या आजारी स्त्रीच्या यकृताच्या पेशी होत्या. दोन औषधांपैकी कोणते तिचे यकृत सोसेल, ते त्यांवर पाहायचे होते. तपासणीसाठी यकृताचा पुन्हा तुकडा काढणे तिच्या देहाला झेपणारे नव्हते.

शनिवारी, प्रयोगांत प्राण दिलेल्या उंदरांसाठी वार्षिक प्रार्थना होती. अंगणातल्या त्यांच्या स्मृतिशिळेपाशी पाऊस होता, म्हणून शेवंतीची फुले आमच्याच खोलीत मांडली गेली. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर्वांचे गुरुजी म्हणजे वृद्ध नुकुइ सेन्सेई, यांनी पेटीबाहेरची माझी कळ बंद केली.

"मिनिटभरच गं," ते उसामीबाईंना म्हणाले. "त्यांच्यापुढे ही घरघर बरी दिसत नाही."

सर्वांनी मस्तके लवविली. मी थांबलो.

मग मंडळी चहाला शेजारच्या खोलीत गेली. उंदरांच्या नावाने ठेवलेले मांजू, म्हणजे गोड सारणाचे उंडे, शेवटी आपणच खायचे, असे सहकारी मोचिदा म्हणाला. "तू तर त्यांचे दाणेही सोडले नसतेस," उसामीबाईंनी सुनावले.

बंद करणाऱ्यानेच कळ चालू करावी, हा तिथला नियम. सेन्सेईंच्या मागची आवराआवर धाकट्यांनी मुकाट्याने करावी, ही तिथली रीत. सेन्सेई रीतीवर विसंबून घरी गेले, उसामीबाई नियमावर. वडीलधाऱ्यांना 'कळ लावलीत ना?' असे विचारणे त्यांना उद्धट वाटले.

सोमवारी सकाळी पेशी तळापासून सुटून पांढुरक्या तरंगत होत्या. मला वेदना झाली नाही. उसामीबाई पट्टी हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्याही चेहऱ्यावर काही उमटले नाही.

"मीच बंद केला होता," सेन्सेई म्हणाले.

"मी विचारायला हवं होतं."

दुपारी साकुमाबाईंचे यजमान आले. त्यांचा चहाचा मळा होता. दोघांनी त्यांच्यापुढे कमरेत वाकून सारे सांगितले.

"मग औषध कुठलं द्यायचं?"

"डॉक्टरांना आता अंदाजानंच ठरवावं लागेल."

"अंदाजानं आम्ही पानसुद्धा खुडत नाही हो, सेन्सेई," ते म्हणाले. सोबत आणलेला चहाचा पुडा त्यांनी मेजावर ठेवला. "आणलाय, तर असू द्या."

पुढे मला धुऊन कोरडे करून फडताळात ठेवले. पेशी पुन्हा आल्या नाहीत. कुठले औषध दिले गेले, ते मला कुणी सांगितले नाही.

मित्रांनो, कुणासाठी नतमस्तक व्हाल तेव्हा जरूर व्हा. पण जे थांबवले असेल, ते आपल्याच हाताने पुन्हा चालू करा, आणि शंका आली तर थोरांनाही विचारा.

त्या माउलीला दिलेले औषध मानवो. तिच्या यजमानांना मळ्यात सोबत लाभो. सेन्सेईंना आणि उसामीबाईंना शांत झोप मिळो.