पाटीवरचं प्रवचन

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आजवर जिच्या तोंडून एक धड शब्द फुटला नव्हता, ती नऊ वर्षांची पोर अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून विश्वाचं रहस्य उलगडत होती. बोट तिचं, मनगट महाराजांच्या मुठीत.

"देह मुका आहे, आत्मा पदवीधर आहे," महाराज म्हणाले. शेजारच्या काकूंनी डोळे टिपले.

कोपऱ्यात आत्या धुमसत होती. तिचं चष्म्याचं दुकान. भाचीला स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमताही आहे, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा भावाशेजारी तीच बसली होती. विशेष शाळेत दोन वर्षं घासल्यावर पोर आपल्या हाताने जेवू लागली होती. आणि आज पाटीने फर्मान काढलं होतं: शाळा बंद करा, मला महाराजांकडे ठेवा. आत्याने आठवड्यात तिसऱ्यांदा वहिनीला समजावून पाहिलं आणि तिसऱ्यांदा 'तुला मूल नाही, तुला काय कळणार' हे ऐकून घेतलं.

पोर छताकडे बघत होती. बोट मात्र अचूक पडत होतं. पाटीकडे बघत होते महाराज, जाड भिंगांतून.

मळका चष्मा दिसला की आत्याचे हात शिवशिवतात, ही धंद्याची खोड. द्या, पुसून देते, म्हणत तिने तो काढूनही घेतला. पुसता पुसता सुचवलं, शाळेचं पुन्हा एकदा विचारून घ्या. माणसं माना उंचावून बसलेली. महाराजांना नाही म्हणवेना.

पाटीवर बोट पडत गेलं: ळ, ठ, ठ, ण.

"चष्मा द्या," महाराज पुटपुटले.

"लिहितेय ती ना? मग चष्मा तुम्हाला कशाला?"

वहिनी हळूच म्हणाली, "पण पहिल्या दिवशी तिने लिहिलं होतं, आई, मला सगळं कळतं."

"ते यांनी लिहिलं, वहिनी."

मनगट सुटताच पोरीने आईला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि तिचा हात नळावर ठेवला. दोन पेले पाणी घटाघट प्यायली. तासभर विश्वाचं रहस्य सांगणाऱ्या मुलीला तहान लागली होती.

जिथे हात धरणाऱ्याला अक्षरं दिसावी लागतात, तिथे लिहिणारा तोच असतो. अशी मुलं शिकतात. सावकाश, सरावाने, शिकवणाऱ्यांकडे. त्यांना काय हवं ते जरूर विचारा. फक्त हात सोडून विचारा.