दुखवट्याचा ठराव

आमच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेत पहिला ठराव दुखवट्याचा असतो. चेअरमन वाचतात, सभासद अर्धवट ऐकून "मंजूर, मंजूर" म्हणतात, दोन मिनिटं उभे राहतात आणि मग चहाची वाट बघतात. या वर्षी त्या ठरावात माझी आई होती. तिच्या शेअरवर वारस म्हणून मी सभेला गेले होते.

बँकेचे साहेब येणार म्हणून चेअरमन सुंदररावांनी बीडच्या एका क्लासवाल्या सरांकडून ठराव इंग्रजीत लिहून आणला होता. त्यांनी वाचलं, "लेट बायनाबाई वॉज अ सॉफ्ट-स्पोकन लेडी."

"मंजूर!" मागून आवाज आले.

"नामंजूर," मी म्हणाले.

माना वळल्या.

"ताई, दुखवट्याला कुनी नामंजूर म्हनतं का?" सुंदरराव म्हणाले.

"सॉफ्ट-स्पोकन म्हणजे हळू, गोड बोलणारी. शब्द चांगला आहे, पण तो माझ्या आईचा नाही."

"वारलेल्या बाईमानसाला असंच लिहित्यात. मान हाय तो."

"मग खरोखर हळू बोलणारी बाई वारली, तर तिला काय लिहाल?"

आईची मैत्रीण वच्छलामावशी फिसकन हसली. "बायना अन् हळू? तिनं हाक मारली की पल्याडच्या वस्तीवरची म्हैस पान्हा चोरायची!"

सभा हसली. मला हसू आलं नाही. बिंदुसरा धरण आटलं त्या उन्हाळ्यात वस्तीचा टँकर सुंदररावांच्या मोसंबीच्या बागेकडे वळला, तेव्हा आई त्याच्या वाटेत आडवी उभी राहून ओरडली होती. गाव जमेपर्यंत ओरडत राहिली. वस्तीवरची जनावरं त्या आवाजामुळे जगली. आज हाच माणूस तो आवाज पुसून टाकत होता, आणि वर त्याला मान म्हणत होता.

"टँकर कुणी अडवला, ते लिहा," मी म्हणाले.

सुंदररावांचा चेहरा उतरला. "ते नंतर बघू. आधी दोन मिन्टं उभं राहू."

लोक उठू लागले. वच्छलामावशी सतरंजीवरून हलली नाही. "बसा गं समद्याजणी. आदी लिहू द्या त्यास्नी."

बायका बसल्या. मग पुरुषही एकेक करून बसले. बँकेचे साहेब तेवढे मान खाली घालून उभे होते.

सुंदररावांनी कागद सेक्रेटरीकडे सरकवला. "लिव्हा," ते पुटपुटले, "दुष्काळात टँकर अडवला."

"अन् कुठं चाललेला, ते?" मावशीनं विचारलं.

सुंदरराव बँकेच्या साहेबांकडे बघू लागले. मी उभी राहिले आणि आईइतक्या मोठ्यानं नाही, पण मागच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.