सहा व्हायोलांची वाटणी

अँब्रोज थॉर्ली यांना पुरून तीन आठवडे झाले आणि त्यांच्या मुलांनी वाटणी इतक्या न्यायाने केली की संतापावं तरी कशावर, हे त्यांच्या मुलीला, टॉमसिनला, क्षणभर कळेना.

जमीन, तंबाखूची कोठारं, गुरं आणि राबणारी काळी माणसं सकाळीच वाटून झाली होती. माणसं वाटताना त्या घरात कधी कुणाचा आवाज चढत नसे. आवाज चढला तो दुपारी, पेटी उघडल्यावर.

पेटीत सहा व्हायोलं होती. बाबांनी इंग्लंडहून समुद्रापार या वसाहतीत, यॉर्क नदीकाठी आणलेली, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची, तातेच्या म्हणजे आतड्याच्या तारांची. दोन लहान, दोन मधली, दोन मोठी. एकाच कारागिराने एकमेकांशी बोलण्यासाठी घडवलेली.

"सहा व्हायोलं, तीन भाऊ," थोरला गिल्बर्ट म्हणाला. "जोड्या मात्र फोडायच्या नाहीत. लहान मला, मधली मॅथ्यूला, मोठी रॅल्फला."

"आणि वाजवणार कसं? दोन्ही हातांत एकेक धरून?" टॉमसिनने विचारलं.

"भिंतीवर जोडी शोभते, असं आमच्या हिचं म्हणणं आहे," धाकटा रॅल्फ म्हणाला.

टॉमसिन चौतीस वर्षांची, बिनलग्नाची. सोळा वर्षं ती मोठं व्हायोल वाजवत होती. इथल्या दमट हवेत रोज सकाळी सहाही वाद्यं तीच सुरात लावायची, त्यांच्या गळ्यावर बांधलेले तातेचे पडदे सरकवायची, लाकडाचा जोड सुटला की सरस तापवायची.

"मला माझं नेहमीचं मोठं हवंय."

"तुला पेटी ठेवलीय ना. चांगली ओकची आहे. कपडे राहतील."

"दादा, मी वाद्य मागतेय."

"बाईमाणसाने गुडघे फाकून बसायचं, हे बाबांना चालायचं. शिवाय मृत्युपत्रात 'मुलगे' लिहिलंय. गेलेल्या माणसाचा शब्द मोडू?"

वाद्यं न्यायची ती सोमवारी, असं ठरलं. कारण रविवारी कर्नल पेनिफादर जेवायला येणार होते. गव्हर्नरच्या मंडळात त्यांचा शब्द चाले आणि गिल्बर्टला त्या मंडळात खुर्ची हवी होती. वसाहतीत तंबाखू सगळ्यांकडे होता. चौघं भावंडं बसून वाजवतात असं घर त्या काठावर एकच होतं.

"तेवढं एकदा वाजव," गिल्बर्ट म्हणाला. "मग बघू."

टॉमसिनने जन्मभर 'मग बघू' ऐकलं होतं. कुणी बघताना मात्र पाहिलं नव्हतं.

रविवारी चौघं बसली. प्रत्येकापुढे आपापली वही. एका वहीत एकाच वाद्याचा आवाज लिहिलेला. गिल्बर्टने सूर काढला, तोच मॅथ्यूने उचलला, मग रॅल्फने. शेवटी मोठ्या व्हायोलची जागा आली. टॉमसिनने गज तारेवर ठेवला आणि ठेवूनच दिला.

मॅथ्यूला मात्रा मोजता येत नसत; इतकी वर्षं तो तिच्या मानेकडे बघून वाजवत आला होता. मान हलेना, तसा तो थांबला. रॅल्फ दोन ओळी पुढे निघून गेला. गिल्बर्ट वर कुठेतरी एकटाच कुईकुई करत राहिला.

"संपलं?" कर्नलनी विचारलं.

"बहिणीला बरं नाही," गिल्बर्ट म्हणाला.

"मला चांगलं बरं आहे, कर्नलसाहेब. हे वाद्य रॅल्फचं आहे. मी नुसतं धरून बसलेय."

"मग रॅल्फने वाजवावं."

रॅल्फने मोठ्या व्हायोलकडे पाहिलं आणि मग दाराकडे.

गिल्बर्ट हसऱ्या तोंडाने तिच्या कानाशी वाकला. "घे. तुझं झालं."

"मोठ्याने, दादा."

"हे वाद्य टॉमसिनचं," तो मोठ्याने म्हणाला. चेहरा बीटासारखा लाल.

"कर्नलसाहेब, आपण ऐकलंत?"

"ऐकलं बुवा," कर्नल म्हणाले. जेवण खोळंबलं होतं.

पुन्हा सुरुवात झाली. या वेळी ती आपल्या जागेवर शिरली, आणि अशी शिरली की भावांना तिच्यामागे धापा टाकत पळावं लागलं. कर्नलना ते फार आवडलं.

सोमवारी पाच व्हायोलं तीन होड्यांतून तीन दिशांना गेली. निघताना रॅल्फ कुरकुरला, "जोडी फोडलीस, ताई. आता एकटी खालचा सूर घासत बसणार?"

टॉमसिनला वाटलं होतं, वाद्य हातात आलं की राग उतरेल. उतरला नव्हता. सहांतला एक आवाज तिला मिळाला होता, तोही मेहेरबानी म्हणून.

"निदान आभार तरी मान," गिल्बर्ट म्हणाला.

तिने खुंटी पिळली. इतकी पिळली की तार तुटली. तिने खिशातून दुसरी काढली आणि चढवायला घेतली.