ओल्या गोंदाचे पूल

घरात तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत, कारण प्रश्न विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. पुढे इंजिनिअरिंगच करायचं हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि तेही मामाकडे बघून. मामा इमारती बांधायचा. तिच्या शाळेच्या वरच्या मजल्याची नवी गॅलरीही त्यानेच बांधलेली. मधल्या सुट्टीत तिथे उभं राहून ‘माझ्या मामाची गॅलरी’ म्हणून ती मैत्रिणींपुढे मिरवायची. विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी ‘इंजिनिअरिंग अनुभवा’ असा दिवस ठेवला, तेव्हा मामाच तिला घेऊन आला. विभागप्रमुख त्याचे वर्गमित्र होते.

निम्मी सकाळ विभागप्रमुखांनी स्वतःचीच आरती ओवाळण्यात घालवली. पडद्यावर विभागप्रमुख फीत कापताना, विभागप्रमुख ढाल घेताना, विभागप्रमुख नुसतेच हसताना. इंजिनिअर नेमकं करतो काय, यावर अवाक्षर नाही. चौकशीला त्या हसऱ्या दातांचा उबग आला.

मग एकदाचे पूल आले. प्रत्येक गटाला आइस्क्रीमच्या काड्या आणि पांढरा गोंद मिळाला. पूल बांधायचा, दोन टेबलांवर टेकवायचा, त्याला बादली अडकवून बादलीत वाळू ओतायची. त्याआधी विभागाने आपला नमुन्याचा पूल मांडला. विभागप्रमुख स्वतः त्यावर चढले आणि हात पसरून उभे राहिले. टाळ्यांचा नुसता कडकडाट! चौकशी तेवढी वाकून खालून बघत होती. काड्यांखाली लोखंडी पट्टी होती, काड्यांच्याच रंगाने रंगवलेली.

“सर, खाली लोखंड आहे.”

“प्रात्यक्षिक आहे गं बाळ,” विभागप्रमुख खाली उतरत म्हणाले. “पाहुण्यांसमोर तोंडघशी पडून कसं चालेल?”

चौकशीच्या गटाने जीव ओतून, काड्यांचे त्रिकोण जुळवून पूल केला होता. अर्धी बादलीही भरली नाही तोच तो कोसळला. लगेच मदतनीस धावला आणि तुकडे उचलून त्याने कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात भिरकावले.

“थांबा! कुठे तुटला ते बघू तरी द्या.”

“तुटलेले फोटोत नकोत म्हणून सांगितलंय. चला, पुढचा गट.”

पुढचाही पडला, त्याच्या पुढचाही. एकाच्या बादलीत वाळू ओतायच्या आधीच कॅमेरा आणला, म्हणून तो तेवढा टिकला. सगळी पोरं त्याच्याभोवती दात काढून उभी राहिली. चौकशीच्या अंगावर शिसारी आली. ती तडक पिंपाकडे गेली आणि तिने कोपरापर्यंत हात आत घातला.

आत सकाळच्या खाण्याचा राडा होता. सॉसमध्ये भिजलेले रुमाल, उष्टे पाव, कुणीतरी चघळून थुंकलेला च्युइंगगम. तिने तोंड फिरवलं, पण हात बाहेर काढला नाही.

“शी! अगं काय करतेस?” मामा ओरडला.

तिने एकेक करून सगळे पूल वर काढले. एकही काडी मोडलेली नव्हती. सगळे सांध्यांतच निखळले होते, आणि सांध्यांतला गोंद बोटाला लागत होता.

“सर, आमचं चुकलंच नव्हतं. गोंद ओला होता.”

“असणारच,” विभागप्रमुख सहज म्हणाले. “वाळायला रात्र जाते. तोवर पाहुण्यांना काय बसवून ठेवू? कार्यक्रम वेळेत उरकावा लागतो.”

“अगदी बरोबर,” मामाने मित्राच्या पाठीवर थाप मारली. “आमच्याकडे तरी काय वेगळं असतं? उद्घाटनाची तारीख पडली की काँक्रीट पक्कं व्हायची वाट कोण बघतो! टेकू काढायचे, रंग मारायचा, मोकळं व्हायचं.”

दोघे खो खो हसले. पिंपातल्या घाणीची आली नव्हती इतकी किळस चौकशीला त्या हसण्याची आली. लहानपणापासून ज्याचं बोट धरलं, त्या मामाचीच किळस यावी, याचं तिला रडू येत होतं. पण रडायला वेळ नव्हता.

गाडीपाशी आल्यावर मामाने रुमाल पुढे केला. “आधी हात पूस. सगळी घाण लागलीय.”

तिने रुमाल घेतला नाही. “मामा, आमच्या गॅलरीखालचे टेकू कधी काढले होते?”

मामाने एक खिसा चाचपला, मग दुसरा. किल्ली त्याच्या हातातच होती.

“आता हे काय नवीन? कोणी पडलंय का आजवर?”

“कधी काढले होते?”

“बस गाडीत. उशीर होतोय.”

ती बसली नाही. “मी इंजिनिअरिंगच करणार,” ती म्हणाली. “पण त्याआधी उद्या सकाळी मोठ्या बाईंना सांगणार, की गॅलरी तपासून होईपर्यंत तिथे कुणालाही उभं राहू देऊ नका.”

मामाचा चेहरा उतरला. “माझं नाव जाईल गं! मला एका शब्दाने न विचारता सांगणार?”

“विचारलं ना आत्ता.”