अर्धा वेळ आपला चेंडू

मी 'माते' नावाचा कडू काढा प्यायचा तुंबा बोलतोय. जरा घाईत बोलतोय, कारण माझ्या पोटाला तडा गेलाय आणि आतलं पाणी झिरपून चाललंय. ते संपायच्या आत माझं ऐका.

माझा जन्म उरुग्वेच्या उत्तरेतला, एका कुंपणावरच्या वेलीवर. मला वाळवलं, गर खरवडला, तोंडाला चांदीची कड बसवली. मोन्तेविदेओच्या बाजारात एलेउतेरिओने मला टिचक्या मारून पारखलं आणि घरी नेलं. तेव्हापासून माझ्या पोटात कडू पानांचा चुरा, वर गरम पाणी आणि त्यात खोवलेली धातूची नळी. एकाने ओढून परत द्यायचं, मग भरून दुसऱ्याला. तळाशी खुरखुर होईपर्यंत ओढायचं. आणि हवं असेल तोवर आभार मानायचे नाहीत. 'ग्रासियास' म्हणालात की तुमचं पुरे झालं, तुम्ही फेरीतून बाहेर.

एलेउतेरिओचा देव एकच, देशाच्या फुटबॉल संघाची आकाशी जर्सी. सामना चालू असताना फेरी थांबायची नाही आणि तो शब्द कुणी उच्चारायचा नाही, हा घरचा कायदा. ब्राझीलला त्यांच्याच मैदानात रडवलं, ते तो हसत सांगे. नदीपलीकडच्या अर्जेंटिनाचं नाव निघालं की मात्र आवाज चढे.

"पहिल्या विश्वचषकाची फायनल! चेंडू कुणाचा यावरून भांडण. शेवटी अर्धा वेळ त्यांचा, अर्धा वेळ आपला. त्यांच्या चेंडूने आपण मागे पडलो. आपला आल्यावर? चार-दोन!"

"पुरे रे म्हाताऱ्या, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास," त्याची बायको नील्दा म्हणे.

माणसांचं मला नवल वाटतं. डोळ्यांनी न पाहिलेल्या सामन्यांचा त्यांना जास्त अभिमान.

त्यांचा मुलगा रुबेन. त्याला पलीकडे, ब्युनोस आयर्सला नोकरी लागली. निघायच्या दिवशी सामनाही नेमका पलीकडच्यांशीच. आपण एका गोलने मागे, आणि इकडे बोटीची वेळ झालेली. रुबेनने मला घेतलं, दोन घोट ओढले, परत दिलं आणि म्हणाला, "ग्रासियास, बाबा."

आजवरच्या सगळ्यासाठी, असं त्याला म्हणायचं होतं. पण तेवढ्यात त्यांचा दुसरा गोल बसला.

"घालवलंस!" एलेउतेरिओ ओरडला. "पुरे झालं ना आमचं? जा, त्यांच्यात जाऊन पी!"

मी तेव्हा अर्धा भरलेला होतो हो! ज्याचं खरंच पुरे झालं, तो असा अर्धवट सोडून देत नाही. पण बापाने आत न बघताच मला मोरीत रिकामं केलं.

मग कितीतरी सामने आले नि गेले. रुबेनचा फोन आला की म्हातारा उठून अंगणात जाई. हरलो की मला मुठीत आवळून बसे. त्यातच माझी कड चेपली आणि हा तडा गेला.

आज पुन्हा त्यांच्याशीच सामना. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. नील्दाने कुणाला न विचारता मुलाला बोलावून घेतलं. तो दारात उभा राहिला.

"कुणाच्या बाजूने आलायस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"अर्धा वेळ त्यांचा चेंडू, अर्धा वेळ आपला."

म्हातारा हसला आणि खोकत राहिला. "भर मग, गाढवा. पाणी उकळू देऊ नकोस."

जन्मभर त्यानेच सगळ्यांना भरून दिलं होतं. आज पहिल्यांदा मुलगा भरत होता. फेऱ्या चालल्या होत्या, सामना बरोबरीत होता. म्हाताऱ्याने मला घेतलं, दोन घोट ओढले. मला लगेच सोडलं नाही. मग मला मुलाच्या हातात देऊन तो म्हणाला, "ग्रासियास."

"बाबा, सामना चालू आहे! आत्ता नाही म्हणायचं! बाबा!"

मिटलेले डोळे पुन्हा उघडले नाहीत. थोड्या वेळाने आपल्यांनी गोल केला. सगळी गल्ली दणाणली. या खोलीत कुणी ओरडलं नाही.

मघापासून रुबेन एकच विचारतोय. "आई, बाबांनी आभार मानले, की 'पुरे झालं' म्हणाले?" नील्दा नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवते. तिला काय ठाऊक?

मला ठाऊक आहे. मला तोंड आहे, पण त्यांना ऐकू जाईल असं बोलता येत नाही. रुबेनने मला ठेवलं त्या खिडकीतल्या फळीवर ओघळ लागलाय आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. तुम्ही तरी हाक मारा हो त्याला. म्हणावं, रुबेन, लवकर ये, यात बघ. तुझ्या बापाने अर्धा ठेवलाय.