सहा मतं आणि पाच मतं

मी दप्तर बोलतोय. पाठीला अडकवून शाळेत नेतात ते नव्हे. तुमसर तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचं दप्तर. सभांची इतिवृत्तं, जुन्या निवडणुकांचे निकाल, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, कडा दुमडलेले थोडे फोटो, हे सगळं लाल कापडात बांधलं की मी होतो.

माझा जन्म भांडणातून झाला. महाविद्यालय नवीन होतं. आधीच्या सभेत काय ठरलं होतं, यावरून पुढच्या सभेत मुलं हातघाईवर आली. अर्धे म्हणत होते, संमेलनात नाटक ठरलं. अर्धे म्हणत होते, दंडार, म्हणजे गावाकडचं लोकनाट्य. मराठी शिकवणाऱ्या जागेश्वर सरांनी दोघांनाही खाली बसवलं. मग भंडाऱ्याहून जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक आणलं आणि सांगितलं, की इथे बोललेलं इथेच लिहायचं आणि उठण्याआधी सर्वांना वाचून दाखवायचं. तेव्हापासून मी आहे.

ते दिवस गजबजलेले होते. निवडणुका आल्या की भिंती गेरूने रंगायच्या. सिहोऱ्याकडची मुलं सायकलींवरून प्रचाराला निघायची. सभांमध्ये आवाज चढायचे आणि लिहिणाऱ्याची धांदल उडायची. माझ्या एका पानावर लिहिलंय, ‘शेतात धानाची रोवणी चालू असल्यामुळे पुरेसे सदस्य हजर नाहीत, सभा तहकूब.’ दुसऱ्या एका पानावर धुरपता नावाच्या मुलीचं म्हणणं आहे, की लायब्ररीत मुलींना बसायला बाक नाही. तिच्या आधी मुलींच्या नावापुढे ‘आभार मानले’ एवढंच लिहिलं जायचं.

पुढे निवडणुका बंद झाल्या. जास्त गुण मिळवणारी मुलं आपोआप वर्गप्रतिनिधी होऊ लागली. सरांनी एक नाव सुचवायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, की अध्यक्ष ठरला. मी बारीक होत गेलो. वर्षाला एक सभा, एक पान, आणि त्या पानावर एकच शब्द ठरलेला: सर्वानुमते. कोणी कोणाला काही विचारतच नव्हतं, त्यामुळे कोणाचा विरोधही नव्हता. मला क्रीडा विभागाच्या कपाटात ढकललं गेलं. अंगावर क्रिकेटचे पॅड आले, खालून वाळवी लागली. तपासणीची समिती येणार असली की मला झटकून टेबलावर मांडायचे आणि समिती गेली की पुन्हा पॅडखाली.

मला तिथून बाहेर काढलं ते कामिनी मॅडमनी. त्या इतिहास शिकवत आणि तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे नेमणूक एका वर्षाची, पुढच्या वर्षी पुन्हा नवी यादी, पुन्हा धाकधूक. परिषदेचं काम कोणालाच नको होतं, म्हणून ते त्यांच्याकडे आलं. त्यांनी माझी वाळवी झाडली, मला उन्हात ठेवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. इतक्या वर्षांत मला असं कोणी वाचलं नव्हतं.

मागच्या वर्षी अध्यक्ष निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी अकरा वर्गप्रतिनिधींना विचारलं, की कोणाकोणाला उभं राहायचं आहे. दोन हात वर झाले. एक भुपेंद्रचा. त्याचं घर सिहोऱ्याचं, तिथे त्यांची धानाची गिरणी आहे, आणि त्याचे वडील टिकारामजी संस्थेच्या कार्यकारिणीवर. दुसरा हात रुपाचा. ती चिखल्याची, वडील मॅंगनीजच्या खाणीत खाली उतरून काम करणारे. ती रोज बसने यायची.

मॅडमनी चिठ्ठ्यांवर मतं घेतली आणि सर्वांसमोर मोजली. रुपाला सहा, भुपेंद्रला पाच. चिठ्ठ्या पाकिटात घालून त्यांनी माझ्यात ठेवल्या. तेवढ्यात चिखल्याच्या बसची वेळ झाली. इतिवृत्त उद्या लिहू, सह्या उद्याच घेऊ, असं म्हणून मॅडमनी सभा संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रभारी प्राचार्यांचा निरोप आला. मॅडम मला छातीशी धरूनच आत गेल्या. प्राचार्य रागावले नाहीत. चहा मागवला. निवडणुकीने मुलांत गट पडतात, म्हणाले. टिकारामजींनी संमेलनाला मोठे पाहुणे आणायचं कबूल केलं आहे, मंडपही तेच देणार आहेत, मुलगा अध्यक्ष होणार हे त्यांनी चार लोकांत सांगून ठेवलं आहे. तेव्हा नेहमीसारखं ‘सर्वानुमते’ लिहून टाकावं, कोणाचा अपमान नको. मॅडम म्हणाल्या, की मोजणी सर्वांनी पाहिली आहे.

“पुढच्या नेमणुकांची यादी कार्यकारिणीपुढेच जाते, मॅडम,” प्राचार्य कप खाली ठेवत म्हणाले. “तुमचं नावही त्याच यादीत असतं.”

मॅडमनी चहा घेतला नाही. त्यांच्या बोटांनी माझी कड इतकी घट्ट धरली होती, की पुठ्ठा वाकला.

दुपारी सभा बसली. या खेपेला खुर्चीवर प्राचार्य स्वतः होते. सभेआधी त्यांनी रुपाला बाजूला बोलावून घेतलं होतं. ती परत आली ती खाली मान घालून. मॅडमनी माझं पान उघडलं, तारीख घातली, हजर असलेल्यांची नावं लिहिली. पुढे त्यांचं पेन चालेना. प्राचार्यांनी मजकूर सांगितला. पेन तसंच. शाईचा एक ठिपका माझ्यावर पसरत चालला होता.

तेव्हा रुपाच बोलली. “मॅडम, लिवून टाका. माह्यासाठी तुमची नोकरी कायले घालवता?”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग वाकून लिहिलं, ‘भुपेंद्र यांची अध्यक्षपदी सर्वानुमते निवड झाली.’ अक्षर त्यांचं होतं, पण मला ओळखू आलं नाही. माझ्यावर तो शब्द तीस वर्षं लिहिला गेला होता आणि कधी टोचला नव्हता. त्या दिवशी टोचला.

मी हातोहात फिरू लागलो. रक्षा नावाच्या वर्गप्रतिनिधीने सही केली. तिच्या शेजारच्याने केली. रुपाने सही करताना पेन एवढं दाबलं, की तिचं नाव खालच्या तीन पानांवर उमटलं. पुढच्या दोघांनी माझ्याकडे न बघताच सह्या केल्या. मग मी भुपेंद्रपुढे आलो.

त्याने पेन घेतलं. मजकूर वाचला. पुन्हा वाचला. पेन झाकण लावून माझ्यावर ठेवलं.

“सर, मले पाच मतं भेटली,” तो म्हणाला. “एक त माहंच होतं. बाकीची चार कोणाची, मले माहीत नाही. पण त्या चौघायनं विचार करून देल्ली असतील. सर्वानुमते लिवलं, त ती चार मतं गेली कुठी?”

प्राचार्य त्याला समजावू लागले. हे सगळं तुझ्याच भल्यासाठी आहे, वडिलांचा मान आहे, एवढ्याशा गोष्टीवरून वाढवू नकोस. त्यांनी फोन काढला, टिकारामजींना लावला आणि बोल म्हणून भुपेंद्रच्या हातात दिला. फोनमधून गिरणीची घरघर ऐकू येत होती. पलीकडचं बोलणं मला कळलं नाही. भुपेंद्र ऐकत होता. त्याचा कान लाल झाला होता.

“बाबा, मी हरलो,” तो शेवटी म्हणाला. “एका मतानं. कोणी फसवलं नाही, मोजताना मी तिथंच होतो. मी सही नाही करून राहिलो.”

घरघर बंद झाली. फोन कटला होता.

प्राचार्य उठले. त्यांनी मला उचललं आणि ते पान दोन बोटांत धरलं. शिवणीपाशी कागद करकरला. एवढंसं फाटलंही. अकरा मुलं आणि मॅडम त्या दोन बोटांकडे बघत होती. कोणी अडवलं नाही. अडवायला कोणी पुढे आलं असतं, तर त्यांनी कदाचित ओढलंच असतं. पण सगळी नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्यापुढे त्यांचा हात सैल पडला. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, ‘विद्यापीठात जायचं आहे’ असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर गेले.

मॅडमनी त्या ओळीवर एक रेघ मारली. सरकारी कागदावर खोडायचं असेल तर असंच खोडतात, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही केली. खाली लिहिलं, रुपा सहा, भुपेंद्र पाच, रुपा निवडून आली. मोठ्याने वाचून दाखवलं. आता पहिली सही भुपेंद्रने केली. प्राचार्यांची जागा अजून कोरी आहे.

त्या वर्षी संमेलनाला मोठे पाहुणे आले नाहीत आणि मंडपही आला नाही. मैदानात सतरंज्या घालून कार्यक्रम झाला. रुपाचं भाषण अडखळत झालं, पण पुरं झालं. भुपेंद्र दिवसभर सतरंज्या वाहत होता. घरी बाप-लेकाचं बोलणं बंद होतं, असं मुलं म्हणायची.

मग एक दिवस टिकारामजी स्वतः आले आणि ते पान दाखवा म्हणाले. मॅडमनी मला त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. खोडलेली ओळ आणि खालचे आकडे ते बोट ठेवून वाचत होते.

“एक मत त याचंच. बाकीचे चौघं कोण होते?” त्यांनी विचारलं.

चिठ्ठीवर नाव नसतं, मॅडम म्हणाल्या.

“कोणी सांगतलं नसतानी चार जण याच्या मागं उभे राह्यले,” टिकारामजी म्हणाले. “माह्या मागं त लोकं सांगूनच उभे राह्यतात.” त्यांनी मला हलक्या हाताने मिटलं आणि निघून गेले.

यंदा नेमणुकांच्या यादीत कामिनी मॅडमचं नाव नव्हतं. तास कमी झाले, असं कारण सांगितलं. टिकारामजी कार्यकारिणीच्या बैठकीत काही बोलले की गप्प बसले, मला माहीत नाही. त्या बैठकीचं दप्तर वेगळं आहे आणि ते मुलांपुढे उघडत नाहीत. मॅडम आता लाखनीला शिकवतात म्हणे. जाताना त्यांनी मला क्रीडा विभागात ठेवू दिलं नाही. लायब्ररीत, दारातून दिसेल अशा फळीवर ठेवलं.

परिषदेचं काम अजून कोणाकडे सोपवलेलं नाही. यंदाची सभा झालेली नाही. फाटलेल्या शिवणीतून वारा आत येतो आणि रोज कोणाची तरी चाहूल लागली की मी सावध होतो. उघडायला आले, की फाडायला?

मुलांनो, तुम्ही मला उघडायला या. खरोखर एकमत होईल त्या दिवशी ‘सर्वानुमते’ जरूर लिहा, मलाही आनंद होईल. पण ज्या दिवशी होणार नाही, त्या दिवशी भिऊ नका. सर्वांसमोर मतं मोजा. जिंकलेल्याची लिहा आणि हरलेल्याचीही लिहा.